बिननदीच्या शहरात शिडाच्या होडीतून

आमच्या खाडीकाठच्या गटातल्या एक ताई एप्रिल महिन्यात आपल्या मुलाकडे माल्टाला जाऊन आल्या, हे आता पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत झालंय. त्यांना कार्यक्रमात बोलवा म्हणून तुमचे पुष्कळ फोन आले. पण गटाच्या बैठकीत दोन तास बोलणाऱ्या ताई माईकसमोर बसायला काही केल्या तयार होईनात. मग आम्ही चौघींनी त्यांना सगळं खोदून खोदून विचारलं, त्या शहराबद्दल थोडं वाचलं, आणि आज ते तुम्हाला सांगायला बसलोय.

आधी माल्टा म्हणजे कुठे ते सांगतो. युरोप वर, आफ्रिका खाली आणि मधे भूमध्य समुद्र. त्या समुद्रात इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला, साधारण नव्वद किलोमीटरवर ही बेटं आहेत. मोठं बेट माल्टा, धाकटं गोझो आणि दोघांच्या मधे इवलंसं कोमिनो. अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या मुंबईच्या जवळपास निम्मा. वस्ती पाच लाखांच्या वर. राजधानी व्हॅलेटा. ती तर इतकी लहान की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं तरी पंधरा-वीस मिनिटं लागतात. तिथली माणसं मात्र तिला ‘इल-बेल्त’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘शहर’.

ताईंचा मुलगा गोझोला होड्या दुरुस्त करणाऱ्याकडे काम करतो. डोलकाठ्या, तारा, शिडं हे त्याचं काम. ताई, भाऊ आणि धाकटी लेक विमानानं गेले, चार दिवस गोझोला राहिले. मग मालकानं दुरुस्त झालेली एक शिडाची होडी व्हॅलेटाच्या बंदरात पोचवायला सांगितली, आणि घरच्यांना घेऊन जा म्हणाला. असा हा योग. एरवी लोक गोझोहून मोठ्या फेरीबोटीनं आणि पुढे बसनं जातात.

होडी छत्तीस फुटांची. आपल्याकडच्या मचव्यासारखी रुंद नाही, निमुळती. आत शिडी उतरून गेलं की दोन छोट्या खोल्या, एक बाकडं, एक ओटा आणि एक संडास. शेगडी दोन्ही बाजूंनी टांगलेली, पाळण्यासारखी. होडी कलली तरी शेगडी सपाट राहते आणि वरचा चहा सांडत नाही. लेकीनं त्याचे फोटो काढून आणलेत, ते आम्ही बैठकीत पाहिले.

ताईंना पहिली भीती वाटली ती कलण्याची. वारा भरला की शिडाची होडी एका अंगावर झुकते, आणि ज्यांनी इंजिनाची बोटच पाहिली आहे त्यांना वाटतं, आता उलटली. पण अशा होडीच्या पोटाखाली लोखंडाचा किंवा शिशाचा जड पंखा असतो. होडीच्या एकूण वजनातला तिसरा हिस्सा बहुधा तिथेच असतो. वारा वरून ढकलतो, वजन खालून परत ओढतं. म्हणून ती झुकते, पण सहसा पालथी होत नाही. हे एकदा समजल्यावर ताई निवांत बसल्या. भाऊ मात्र दांडा घट्ट धरून होते, असं लेक सांगते.

खरं जपायचं ते डोक्याला. शिडाच्या खालच्या कडेला एक आडवी काठी असते, बूम म्हणतात तिला. वाऱ्यानं बाजू बदलली की ती सपकन दुसरीकडे फिरते. म्हणून उभं राहायचं तर तांडेलाला विचारूनच. आणि साडी नको. दोर गुंडाळायच्या फिरत्या खुंट्यात पदर सापडला तर बोटं वाचवायलासुद्धा वेळ मिळत नाही. ताईंनी पंजाबी ड्रेस, मऊ तळव्याचे बूट आणि वर जीवरक्षक जाकीट घातलं होतं. मळमळ होऊ नये म्हणून आत न बसता बाहेर बसायचं आणि लांब क्षितिजाकडे बघायचं. आल्याचा तुकडा त्यांनी घरूनच नेला होता.

आता वाऱ्याचं. आपल्याकडे मतलई वारा आणि खारा वारा जसा कोळ्यांना पाठ असतो, तसं तिकडे प्रत्येक दिशेच्या वाऱ्याला नाव आहे. वायव्येचा तो मयिस्त्राल, सगळ्यात जास्त वाहणारा. आग्नेयेकडून येणारा श्लोक्क. हसू नका, खरंच असा उच्चार आहे. तो आफ्रिकेच्या वाळवंटातून येतो आणि कधीकधी धूळ घेऊन येतो. ईशान्येचा ग्रेगाल हा वाईट, व्हॅलेटाच्या बंदरात सरळ घुसणारा. गोझोहून व्हॅलेटा आग्नेयेला आहे. ताईंच्या दिवशी मयिस्त्राल होता, म्हणजे वारा पाठीमागून. ताशी पाच-सहा सागरी मैलांनी, आपल्या हिशेबात नऊ-अकरा किलोमीटरनं, होडी तीन तासांत पोचली. इंजिन शेवटी बंदरात शिरतानाच चालू केलं. तीन तास नुसता पाण्याचा आणि शिडाचा आवाज.

बंदरात शिरायच्या आधी मुलानं रेडिओ हातात घेतला. हे आम्हाला फार आवडलं, कारण आपलाही जीव रेडिओतच. बंदराच्या नियंत्रण कक्षाशी बाराव्या वाहिनीवर बोलायचं: होडीचं नाव, कुठून आली, किती माणसं, कुठे बांधणार. एक बोलताना दुसऱ्यानं गप्प राहायचं, बोलणं थोडक्यात आणि प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवायचा. तिकडून परवानगी आली की मगच आत. मोठी प्रवासी जहाजं त्याच तोंडातून ये-जा करतात, त्यांच्यापुढे छत्तीस फुटांची होडी म्हणजे पाटावरची मुंगी.

आणि मग ते शहर समोर येतं. ताई म्हणाल्या, “पाण्यातून गड वर आल्यासारखं वाटलं.” दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाचे दगडी तट, सरळ समुद्रातून उठलेले. उजव्या हाताला सेंट एल्मोचा किल्ला, त्याच्यामागे व्हॅलेटा. डाव्या हाताला रिकासोलीचा किल्ला, पुढे बिरगू आणि सेंग्लेआ ही जुनी गावं जिभेसारखी पाण्यात आलेली. सेंग्लेआच्या टोकाला टेहळणीची एक दगडी छत्री आहे, तिच्यावर एक डोळा आणि एक कान कोरलाय. पहारा बघतो आणि ऐकतो, असा अर्थ. तिथल्या मासेमारीच्या रंगीत होड्यांच्या नाळेवरही दोन्हीकडे डोळे काढलेले असतात. आपण नारळी पौर्णिमेला होडीला हळद-कुंकू वाहतो, त्यातलाच हा भाव असावा, असं आम्हाला वाटतं.

होडी बिरगूच्या धक्क्याला लावली. इथं एक गोष्ट भाऊंच्या लगेच ध्यानात आली, कारण त्यांचं आयुष्य खाडीत गेलं. तिकडे भरती-ओहोटी जवळपास नाहीच. पाणी वर-खाली होतं ते वीतभर. आपल्याकडे उधाणाला दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, म्हणून होडीचा दोर ढिला सोडावा लागतो. तिकडे होडी मागच्या अंगानं धक्क्याला टेकवून आवळून बांधतात, पुढचं टोक तळातून आलेल्या दोरानं धरून ठेवतात, आणि एका फळीवरून माणसं घरात शिरावं तशी जातात-येतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुमच्यापैकी बहुतेकींनी एकच विचारलं होतं: होडीत प्यायचं पाणी कुठलं? चारी बाजूंनी समुद्र, एक घोट पिता येत नाही. त्या होडीत तीनशे लिटरची टाकी होती. लांबच्या प्रवासात तेवढ्यात चार-पाच माणसांचे आठ-दहा दिवस काढायचे असतात. म्हणून भांडी आधी समुद्राच्या पाण्यानं विसळायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा एक हात. संडासालाही खारंच पाणी, पायानं किंवा हातानं पंप मारून, आणि बंदरात असताना मैला साठवायची वेगळी टाकी. नळ पायानं दाबला तरच धार येते. सोडून दिला की बंद. ताईंना यात नवल काहीच वाटलं नाही. त्या मुलाला म्हणाल्या, “आपल्या घरी मे महिन्यात दुसरं काय करतो?”

आणि नेमकी हीच गोष्ट त्या शहरालाही लागू आहे. माल्टाला बारमाही नदी नाही, एकही तळं नाही. पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. उन्हाळा कोरडा ठाक. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांच्या वर पडतो. ताई घरून निघाल्या त्या आठवड्यात वाडीवर टँकर सुरू झाला होता.

मग एवढ्या कमी पाण्यात लोकांनी नगर वसवलं कसं? त्याची हकीकत अशी. १५६५ साली तुर्की आरमारानं माल्टाला वेढा घातला. तिथं सेंट जॉनच्या सरदारांचं राज्य होतं, ते बिरगूत अडकले. मे ते सप्टेंबर लढाई चालली, तुर्क अखेर परतले. मग सरदारांचा प्रमुख ज्याँ द ला व्हालेत यानं समोरच्या उजाड डोंगरावर नवं तटबंदीचं शहर बांधायला घेतलं. २८ मार्च १५६६ रोजी पायाचा दगड बसला. नावही त्याचंच. आराखडा फ्रांचेस्को लापारेल्ली या इटालियन स्थापत्यकारानं केला, पुढचं बांधकाम गेरोलामो कासार या माल्टाच्याच माणसानं. रस्ते सगळे सरळ, एकमेकांना काटकोनात, म्हणजे समुद्राचा वारा आरपार जावा.

पण डोंगरावर पाणी नाही. वेढा पुन्हा पडला तर शत्रूच्या आधी तहानच मारणार. म्हणून शहराच्या बांधकामाच्या नियमांत घातलं, की प्रत्येक घराला स्वतःचं पावसाच्या पाण्याचं टाकं हवं, आणि सांडपाण्याची जोडणी गटाराला हवी. सोळाव्या शतकातला नियम आहे हा! तिथला दगड मऊ चुनखडीचा. आपल्या जांभ्याच्या चिऱ्यासारखाच, काढताना करवतीनं कापता येतो आणि वाऱ्या-उन्हात टणक होतो. घर बांधायचं तर जागेवरच खाली खडक खोदायचा. निघालेला दगड भिंतींना आणि उरलेला खड्डा पाण्याला. वर सपाट गच्ची, गच्चीचं पाणी पन्हळीतून खाली. एका कामात दोन कामं झाली. अंगणात किंवा माजघरात त्या टाक्याचं तोंड असायचं, घरची बाई तिथूनच बादली काढायची.

टाक्याला, विहिरीला त्यांच्या भाषेत ‘बीर’ म्हणतात, पाण्याला ‘इल्मा’. माल्टी भाषा अरबीच्या घराण्यातली आहे, पण रोमन अक्षरांत लिहितात. म्हणून आपल्याला ओळखीचे शब्द मधेच भेटतात: दुनियेला ‘दिन्या’, किताबाला ‘क्तीब’. ताईंच्या लेकीनं अशा शब्दांची वहीच केली आहे.

घरोघरच्या टाक्यांनीही पुरेना, तेव्हा १६१० ते १६१५ या काळात आलोफ द विन्याकूर या प्रमुखानं पाट बांधला. बेटाच्या पश्चिमेच्या उंच भागातल्या झऱ्यांचं पाणी साधारण पंधरा किलोमीटरवरून शहरात आणलं, काही ठिकाणी जमिनीखालून, काही ठिकाणी दगडी कमानींवरून. त्या कमानी अजून उभ्या आहेत, बसमधून दिसतात. पाणी आलं तेव्हा राजवाड्यासमोरच्या चौकात कारंजं उडवलं. पण पाट आला म्हणून टाकी बुजवली नाहीत, दोन्ही ठेवलं. शहाणपण आहे ते याच्यात.

आपल्याकडे अशी अक्कल नव्हती असं मुळीच नाही. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर, भर समुद्रात, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, शिवाजी महाराजांच्या काळापासूनच्या. आपल्या डोंगरी गडांवर खडकात खोदलेली टाकी किती असतील! गडावर पाणी साठवायला जमलं, घरावर नाही, असं काहीतरी आपलं झालं.

आम्ही बैठकीत फळ्यावर हिशेब मांडला, तो तुम्हीही कागदावर घ्या. पाचशे चौरस फुटांचं छप्पर, म्हणजे साधारण साडेशेहेचाळीस चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. माल्टाच्या साडेपाचशे मिलिमीटरला या छपरावर पंचवीस हजार लिटर पडतं. आपल्या तीन हजारांना एक लाख एकोणचाळीस हजार. गळती, उडणं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून देणं, याचे वीस टक्के वजा केले तरी एक लाख दहा हजार लिटर आपल्या पागोळ्यांतून खाडीला जातं. आणि लागतं किती? पाच माणसांना प्यायला-रांधायला दिवसाला पन्नास लिटर धरले, तर मार्च, एप्रिल, मे असे नव्वद दिवस म्हणजे साडेचार हजार लिटर. पाच हजारांचं एक टाकं. धुण्याला, गुरांना हे पुरणार नाही, हे खरं. पण हंडा घेऊन टँकरमागे धावणं तरी टळेल. टाकं मात्र झाकलेलं हवं, उजेड आत जाता कामा नये, तोंडाला जाळी हवी, नाहीतर डास होतात. आणि प्यायचं पाणी उकळूनच.

आज माल्टात सगळं आदर्श आहे असंही समजू नका. प्यायच्या पाण्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा आता समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करून येतो. त्याला वीज लागते आणि वीज महाग. जमिनीखालचं पाणी बोअर मारून मारून खारट होत चाललंय. नव्या घराला टाक्याचा नियम आजही आहे, पण सगळे तो पाळतातच असं नाही. नळाच्या पाण्याची चव आवडत नाही म्हणून लोक बाटल्या विकत घेतात. माणूस सगळीकडे सारखाच.

बरं, शहर बघायचं राहिलं. बिरगूहून लहान फेरीबोटीनं पलीकडे आलं की समोर उंच तट, आणि तटाला लागून लिफ्ट, अठ्ठावन्न मीटर वर नेणारी. गुडघेदुखीवाल्यांना हा मोठा आधार, कारण व्हॅलेटात रस्ते म्हणजे पुष्कळदा पायऱ्याच. वर एक बाग आहे, अप्पर बराक्का. तिथून अख्खं बंदर दिसतं. खालच्या सज्जावर तोफा मांडल्यात, त्यांतली एक रोज दुपारी बाराला उडते. पूर्वी बंदरातल्या जहाजांचे कप्तान त्या आवाजावर आपली घड्याळं लावत. समुद्रावर आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे अचूक घड्याळावरून काढावं लागे, म्हणून ती तोफ. भाऊंनी तिथं आपलं घड्याळ लावून घेतलं.

सेंट जॉनचं मोठं चर्च बाहेरून साधं, आतून सोन्यानं भरलेलं. जमिनीवर सरदारांच्या थडग्यांच्या रंगीत संगमरवरी फरश्या, म्हणून टोकदार टाचांची पादत्राणं चालत नाहीत. तिथं काराव्हाज्जो या चित्रकाराचं १६०८ सालचं भलंमोठं चित्र आहे, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं. ताईंना ते बघवलं नाही. एवढ्या वैभवात गुलामांचेही हात होते, हे सांगायला हवं. सरदारांची वल्ह्यांची जहाजं गुलाम ओढत.

ताई रमल्या त्या दोन ठिकाणी. एक, घरांच्या सज्जांखाली. प्रत्येक घराला लाकडाचा बंद सज्जा, हिरवा, लाल, निळा रंगवलेला, काचेच्या खिडक्यांचा. बाईनं आत बसून रस्ता बघावा, रस्त्यानं तिला बघू नये, अशी सोय. वरून दोरीनं टोपली सोडायची, पाववाला त्यात पाव ठेवणार. जुन्या काळी बाहेर पडताना बायका काळी मोठी ओढणी घेत, ताठ कमानीसारखी डोक्यावर धरलेली. ‘ओनेल्ला’ म्हणतात तिला. विसाव्या शतकात ती हळूहळू गेली. त्या देशात बायकांना मताचा हक्क १९४७ साली मिळाला. त्याच निवडणुकीत आगाथा बार्बरा संसदेत गेल्या आणि १९८२ साली देशाच्या राष्ट्रपती झाल्या.

दुसरं ठिकाण राष्ट्रीय ग्रंथालयासमोरचा चौक. तिथं इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा आहे, आणि राणीच्या अंगावर जी शाल कोरली आहे ती गोझोच्या लेसची. गोझोच्या बायका उशीवर टाचण्या टोचून, लाकडी फिरक्यांना गुंडाळलेल्या धाग्यांची अदलाबदल करत ही लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात तिथं गरिबी फार होती, तेव्हा हा धंदा बायकांनी उचलला आणि घरं चालवली. राणीनं स्वतः त्यांच्याकडून लेस मागवली होती. आता यंत्राची लेस दुकानात ढिगानं मिळते, हातची महाग पडते आणि शिकणाऱ्या मुली कमी. ताईंनी एक हातरुमालाएवढा तुकडा आणलाय. आपल्या शिवणगटातल्या मुली तो उलटसुलट करून बघताहेत, पण फिरक्यांचं काम पाहिल्याशिवाय येणार नाही, हे त्यांनाही कळलंय.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. ‘पास्तिझ्झी’ म्हणजे खाऱ्या करंजीसारखा कुरकुरीत पापुद्र्यांचा प्रकार, आत ताजं चीज नाहीतर वाटलेले वाटाणे. ‘होब्झ बिझ-झेत’ म्हणजे पावावर टोमॅटो चोळून, तेल घालून, वर केपरच्या मिठातल्या कळ्या. आपली भाकरी, तेल आणि चटणी तशीच. केपरची झुडपं किल्ल्याच्या तटांतूनच उगवलेली दिसतात.

युद्धाची आठवण तिथं घरोघरी आहे. दुसऱ्या महायुद्धात बेटावर सतत बॉम्ब पडले, अन्नाची जहाजं बुडवली गेली. लोक खडकात खोदलेल्या भुयारांत राहिले. तेव्हा सरकारनं वस्तीवस्तीत सार्वजनिक स्वयंपाकघरं चालवली, घरचं सरपण आणि रॉकेल वाचावं म्हणून. ऑगस्ट १९४२ मध्ये ओहायो नावाचं तेलाचं जहाज फुटलेल्या अवस्थेत, दोन्ही बाजूंना दुसऱ्या जहाजांचा टेकू देऊन, याच बंदरात आणलं. ताई ज्या पाण्यातून आल्या तेच हे पाणी.

आणि आपलं नातंही तिथं जुनं आहे. १८७८ साली इंग्रजांनी मुंबई बंदरातून सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टाला नेले होते. पुढे सिंधी व्यापाऱ्यांनी व्हॅलेटात कापडाची दुकानं थाटली. आता तर रुग्णालयांत, हॉटेलांत, बांधकामावर, घरपोच डबे देणाऱ्यांत भारतातली मुलं-मुली पुष्कळ दिसतात. सगळ्यांचे दिवस बरे जातात असं नाही. एका खोलीत पाच-सहा जण राहतात, काहींनी एजंटला लाखांनी पैसे मोजलेले असतात. आपल्या गावातलं कुणी जात असेल तर करार वाचून, कामाचा परवाना कुणाच्या नावावर आहे ते बघूनच सही करायची, असं ताईंच्या मुलानं मुद्दाम सांगायला सांगितलंय.

भेटीला जाणाऱ्या आईवडिलांना शेंगेन व्हिसा लागतो. एकशेऐंशी दिवसांत जास्तीत जास्त नव्वद दिवस राहता येतं. तीस हजार युरोंचा तरी वैद्यकीय विमा काढावा लागतो. बोलावणाऱ्याचं पत्र, राहण्याचा पत्ता, बँकेचं पासबुक, परतीचं आरक्षण लागतं. ताईंनी पासपोर्टचा खर्च आपल्या बचतीतून केला, तिकिटं मुलानं काढली. गटात दोघी-तिघी म्हणाल्या होत्या, या वयात कशाला? त्यांनीच परवा सगळ्यात जास्त प्रश्न विचारले.

येत्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं आपल्या छपराची लांबी-रुंदी फुटांत मोजून आणायची आहे. कौलारू असेल तर जमिनीवर सावली पडते तेवढीच मोजा, उतार धरू नका. पन्हळ आहे का, किती फूट लागेल, टाकं ठेवायला मागीलदारी जागा आहे का, एवढं लिहून आणा. पहिलं टाकं कुणाकडे बांधायचं ते त्यावरून ठरवू. ताईंनी आपलं छप्पर मोजून आमच्याकडे आकडा दिलाय: सहाशे चाळीस चौरस फूट.